दारात उभं कोण होतं

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. कुणाच्या तोंडात दात उरले नाहीत की दातांचे डॉक्टर त्याच्या जबड्याचं माप घेत आणि ते माप कवळीवाल्यांच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात येई. तिथं त्या मापात प्लास्टर ओतून जबडा तयार व्हायचा, जबड्यावर मेण चढायचं, मेणात एकेक दात बसायचा आणि सगळ्यात शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरडी यायची. ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस त्यांना बहुधा कधीच दिसत नसे. दिसत ते जबडे, भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा तिनं फळीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "एवढी मंडळी दात काढतायत आणि तुम्ही तेवढे गंभीर."

ती गेली त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं.

ती आजारी पडली तेव्हा तिची आई एका बॅगेनिशी राहायला आली. लेक बरी झाली की परत जायचं, अशा बोलीवर. सासूबाईंचा बाकीचा बाडबिस्तरा दुसऱ्या शहरात मुलाकडे होता. लेक काही बरी झाली नाही. सगळं उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवाले उठले तर ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता. तो पिऊन ते कामाला गेले. राहा असं ते म्हणाले नाहीत, जाते असं त्या म्हणाल्या नाहीत. दिवस तसेच पुढे सरकले.

बोलायला दोघांकडे फारसं काही नव्हतं. बायको होती तोवर सासू-जावयाचं बोलणं तिच्या मार्फत चाले. "आईला विचार, दुधाचं काय करायचं," आणि "जावईबापूंना सांग, पाणी गेलंय." मधला माणूस गेल्यावर निरोप कुणाकरवी द्यायचा, हा प्रश्नच होता. त्यात कवळीवाल्यांचा धंदा असा, की दिवसभर तोंडाला फडकं बांधून बसायचं. संध्याकाळी ते सुटलं तरी जीभ सुटायची नाही.

त्यांना बोलतं केलं एका मालिकेनं.

ती बायकोनंच शोधलेली. अंथरुणाला खिळल्यावर तिचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवला होता, तिथून तिला टीव्ही दिसे. मालिकेत एक इन्स्पेक्टरबाई होत्या, चाळिशीच्या, एका पायानं किंचित लंगडणाऱ्या. त्यांचा गोलमटोल मदतनीस सदानकदा काहीतरी चघळत असे, म्हणून या घरात त्याचं नाव जाड्या. दर भागात एक खून आणि त्याचा छडा. पण त्या सगळ्याखालून एक धागा चाललेला असे: इन्स्पेक्टरबाईंची धाकटी बहीण लहानपणी घरातून नाहीशी झाली होती, आणि त्या बाई जन्मभर तिला शोधत होत्या.

पहिला सीझन तिघांनी मिळून पाहिला. खुनी कोण हे बायको पहिल्या जाहिरातीच्या आतच सांगून मोकळी व्हायची. बहुतेक वेळा चुकायची आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटायचं नाही. एका गोष्टीवर मात्र ती शेवटपर्यंत ठाम होती. "बहीण जिवंत आहे," ती म्हणायची. "एक दिवस दारात येऊन उभी राहील. बघाल तुम्ही."

दुसरा सीझन आला तेव्हा बघायला दोघंच होती. सुरुवातीला दोघं बघत होती ते कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम पुरं करावं तसं. मग हळूहळू गोडी लागली. आणि त्या सीझनचा शेवटचा भाग असा निघाला, की इन्स्पेक्टरबाई घरी एकट्याच बसलेल्या, बेल वाजते, त्या लंगडत जाऊन दार उघडतात. दारात कोण आहे ते दाखवतच नाहीत. दाखवतात तो त्यांचा चेहरा. त्या एवढंच म्हणतात, "तू?" आणि पडदा काळा.

कवळीवाल्यांच्या घरात पहिलं खरं संभाषण सुरू झालं ते या एका शब्दावरून.

सासूबाईंचं म्हणणं, दारात बहीणच. माणूस तू कुणाला म्हणतो? घरच्याला. कवळीवाल्यांचं म्हणणं, जाड्या असणार, कारण अख्ख्या पोलीस ठाण्यात बाई फक्त त्यालाच अरे-तुरे करतात. त्यावर सासूबाई म्हणाल्या, जाड्याला म्हणतात तो तू वेगळा, हा तू वेगळा. मग दोघांनी तो शेवटचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला, आणि पुन्हा एकदा. भाजी करपली. त्या वासानं दोघं भानावर आली, तर जेवायची वेळ कधीच टळून गेली होती.

त्या दिवसापासून घरात बोलायला विषय झाला. जेवताना, चहा पिताना, कपडे वाळत घालताना. कवळीवाले एखादा मुद्दा कामावरून घेऊनच येत आणि चपला काढता काढता मांडत. सासूबाईंकडे उत्तर तयारच असे.

इकडे मेहुण्याचा, म्हणजे सासूबाईंच्या मुलाचा, दर रविवारी फोन येई. माणूस सरळ होता. मोठं घर, बायको, दोन मुलं, आणि आपली आई बहिणीच्या माघारी दाजींच्या दारात पडून आहे ही मनाला टोचणी. शिवाय त्याला वाटे, दाजींचं वय अजून काही गेलेलं नाही. उद्या त्यांना दुसरं लग्न करावंसं वाटलं तर आधीच्या सासूला ठेवायचं कुठं? भिडस्त माणूस, तोंडानं म्हणणार नाही. एका रविवारी त्यानं आईला सरळच विचारलं, कधी येतेस? सासूबाई गडबडल्या. समोर टीव्ही होता. म्हणाल्या, "नवा सीझन येऊ दे. तेवढा बघते नि येते."

टीव्ही आमच्याकडेही आहे, असं मेहुणा म्हणाला. तुमच्याकडे पोरं सामने बघतात, असं त्या म्हणाल्या. तो हसला. पण शब्द निघून गेला होता, आणि त्या दिवसापासून नवा सीझन ही सासूबाईंच्या जाण्याची तारीख ठरली. बाजूच्या खोलीत कवळीवाले शर्टाचं बटण लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुढचं बटण लावलं.

सीझन काही येईना.

खालच्या मजल्यावर शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई राहायच्या. त्याही या मालिकेच्या वेड्या. त्यांनी सासूबाईंच्या फोनवर मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप जोडून दिला आणि सासूबाईंना एक नवंच जग उघडलं. तिथं रोज नव्या सीझनबद्दल खल चाले. कुणाला इन्स्पेक्टरबाईंचं जाड्याशी लग्न व्हायला हवं होतं. कुणाला त्यांचा पाय बरा व्हायला हवा होता. एक बसचालक होता, त्याची एकच मागणी: सुरुवातीचं संगीत बदलू नका. एक गृहस्थ दर दोन दिवसांनी पटवून देत, की आत्तापर्यंतचं सगळं इन्स्पेक्टरबाईंचं स्वप्नच होतं. लोक त्यांना घालूनपाडून बोलत, पण ते काही हटत नसत. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून, एकेक अक्षर शोधून लिहिलं, की बहीण यावी. तिनं काही करायला नको, काही सांगायला नको. नुसती आली तरी पुरे.

मग बातमी आली, की मालिका काढणाऱ्यांचं आपापसात फाटलंय आणि चित्रीकरण बंद पडलंय. ग्रुपवर सुतकी शांतता पसरली. कवळीवाल्यांनी ती बातमी वाचली आणि त्यांना हायसं वाटलं. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

चाहते मात्र गप्प बसणारे नव्हते. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की प्रत्येकानं आपापल्या उघड्या दारात, इन्स्पेक्टरबाईंसारखा चकित चेहरा करून फोटो काढायचा, खाली लिहायचं "तू?" आणि वाहिनीला पाठवायचा. सासूबाईंनाही फोटो काढून हवा होता. घराच्या दारात अंधार, म्हणून दोघं कारखान्यात गेली. त्या दारात उभ्या राहिल्या. कवळीवाल्यांनी प्लास्टरचे हात पुसून फोन धरला. सासूबाईंना चकित व्हायला जमेना. भुवया वर केल्या की हसू यायचं, हसू आलं की कवळी सरकायची. ती कवळी जावयाच्याच हातची होती, आणि ती सरकते हे सासूबाईंनी आजवर कधी त्यांच्या कानावर घातलं नव्हतं. शेवटी त्यांनी ती काढून सरळ हातात घेतली आणि बोळक्या तोंडानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. मागं फळीवर जबड्यांची रांग. फोटो निघाला.

तो फोटो दोन दिवसांत कुठल्या कुठं पोचला. एका वर्तमानपत्रानं कोपऱ्यात छापला. ग्रुपवर सासूबाईंचं नाव कवळीआजी पडलं, आणि लोक त्यांना मालिकेतल्या बारीकसारीक गोष्टींवर मत विचारू लागले. त्याच आठवड्यात कवळीवाल्यांनी स्वतःच त्यांच्या जबड्याचं नव्यानं माप घेतलं. "आधी बोलला असतात तर," ते म्हणाले. "तुमचं काम, नावं कशी ठेवायची," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याला तो फोटो ऑफिसात कुणीतरी दाखवला. त्याचा त्या रविवारचा फोन जरा लांबला. आईला इतकं एकटं वाटत असेल, की ती अनोळखी लोकांत रमायला लागली, असा त्यानं त्याचा अर्थ लावला. आता पुरे, असं तो म्हणाला. सीझन आला की लगेच, असं सासूबाई म्हणाल्या.

आणि एक दिवस तो आलाच. निदान त्याची घोषणा आली. दुपारी चित्रकलेच्या बाईंनी कवळीवाल्यांना फोन करून सांगितलं: तिसरा सीझन, पुढच्या महिन्यात. कवळीवाले काम टाकून घरी गेले. सासूबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी ऐकलं, हातातली घडी पुरी केली.

"म्हणजे आलाच म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि दुसरी चादर उचलली.

कवळीवाल्यांना वाटलं होतं, सासूबाईंना आनंद होईल. ते परत कामावर गेले. त्या दिवशी त्यांनी एका कवळीत उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं ते डॉक्टरांनी ती परत पाठवल्यावर. पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या खोलीच्या कोपऱ्यात एक नवी बॅग दिसायला लागली. जाता-येता ती नजरेला पडे. दोघंही तिच्याबद्दल अवाक्षर बोलली नाहीत. बोलत होती ती दारात कोण असेल, यावरच.

पहिल्या भागाला चित्रकलेच्या बाई वर येऊन बसल्या होत्या. बसचालकाच्या नशिबानं संगीत तेच होतं. मालिका सुरू झाली ती थेट दारापासूनच. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "तू?" आणि कॅमेरा वळला. दारात जाड्या होता. टोपी हातात, तोंडात काही नाही. तो सांगायला आला होता, की जुन्या घरामागची विहीर उपसताना हाडं सापडलीत. बहीण नाहीशी झाली त्याच दिवशी मेली होती. कुणी मारलं नव्हतं, पळवलं नव्हतं. खेळता खेळता पडली होती. इतकी वर्षं चाललेला शोध पहिल्या जाहिरातीच्या आत संपला.

चित्रकलेच्या बाई काहीतरी म्हणाल्या, की लेखक बदललेत, म्हणून असं. सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. कवळीवाले उठून आत गेले. सासूबाई बेसिनपाशी उभ्या राहून कवळी धूत होत्या.

"तुमचं खरं निघालं," पाठ न वळवता त्या म्हणाल्या.

"मला नको होतं खरं निघायला," कवळीवाले म्हणाले.

"बरं झालं पण. येईल येईल म्हणून माणसानं किती दिवस दार उघडं ठेवायचं?"

त्यांनी नळ बंद केला. कवळीवाले म्हणाले, "तिला आवडलं नसतं हे."

इतक्या वर्षांत दोघांमध्ये तिचा उल्लेख असा सरळ पहिल्यांदाच झाला. सासूबाईंनी कवळी तोंडात बसवली, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "आवडलं नसतं? तिनं त्या लेखकाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या." आणि त्यांना हसू आलं. कवळीवाल्यांनाही आलं. मग स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या त्या सांगायला लागल्या, की ही लहानपणी लपाछपी खेळताना अशी काही लपायची, की सगळे शोधून दमायचे आणि ही तिकडे झोपून गेलेली असायची. ही गोष्ट कवळीवाल्यांना ठाऊक नव्हती. मग त्यांनी एक सांगितली, जी सासूबाईंना ठाऊक नव्हती. बाहेर चित्रकलेच्या बाईंनी उरलेला भाग एकटीनंच पाहिला. जाताना त्या आत डोकावून खुनी कोण ते सांगून गेल्या. ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुढे मालिका घसरतच गेली. जाड्या बारीक झाला. इन्स्पेक्टरबाई लंगडायच्या विसरू लागल्या. ग्रुपवर आधी संताप झाला, मग टिंगल, मग लोक एकेक करून पांगले. स्वप्नवाल्या गृहस्थांना वाटत होतं, की आता तरी आपलं म्हणणं पटेल, पण ते ऐकायलाच कुणी उरलं नाही. एका संध्याकाळी सासूबाई लेकीच्या शाळेतल्या एका नाटकाबद्दल सांगत होत्या. मालिकेची वेळ झाली. दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं. उठलं कुणीच नाही. त्यानंतर टीव्ही त्या वेळेला लागला नाही.

सीझन संपला त्या आठवड्यात मेहुणा गाडी घेऊन आला. चहा झाला, मुलांच्या परीक्षांचं बोलणं झालं. मग त्यानं विचारलं, "संपला ना आता तुझा सीझन?"

"संपला असेल," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही सोडला मधेच."

मेहुण्याला हसावं की रागवावं कळेना. त्यानं कवळीवाल्यांकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही भिडेपोटी बोलत नाही, हे कळतं मला. पण तुमचा अजून संसार होऊ शकतो. आईची अडचण कशाला?"

कवळीवाल्यांनी काही ठरवून ठेवलं नव्हतं. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"अडचण त्या गेल्या तर होईल," ते म्हणाले.

"जेवणाची? त्याला बाई लावता येईल."

"जेवणाची नाही रे. संध्याकाळी घरी यायला कुणीतरी लागतं. आणि हिच्याबद्दल बोलायला मला त्यांच्याशिवाय कोण आहे?" मग ते सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही राहा. मालिका असो नसो."

सासूबाई बोलल्या, त्या मुलाशी. "मला राहा असं कुणी म्हटलंच नव्हतं. म्हणून बॅग आणून ठेवलेली."

"मी तरी काय म्हणत होतो?" मेहुणा म्हणाला. "ये, ये, हेच ना?"

"म्हणत होतास. पण लोक काय म्हणतील म्हणून म्हणत होतास."

मेहुणा आधी नाही म्हणणार होता. "थोडं तसंही असेल," तो म्हणाला. "सगळं तसं नाही."

"सगळं तसं नाहीच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग ठरलं, की आत्ता त्या त्याच्याबरोबर जातील, सुट्टीभर नातवंडांपाशी राहतील आणि मग परत येतील. बॅग भरायला वेळ लागला नाही.

ती सुट्टी कवळीवाल्यांना जड गेली. ते कारखान्यात उशिरापर्यंत बसत, घरी येऊन उभ्यानंच काहीतरी खात. फोन रोज व्हायचा, पण फोनवर त्यांना सुधरायचं नाही. प्रकृती विचारून झाली की दोघंही थांबत आणि सूनबाई पलीकडून काहीतरी बोलून वेळ भरून काढी. एकदा सासूबाईंनी विचारलं, खोली रिकामी आहे ना? आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, दार केवढं आहे? याचा अर्थ कवळीवाल्यांना तेव्हा कळला नाही.

कळला तो टेंपो आल्यावर. पुढे ड्रायव्हरशेजारी मेहुणा, मागे सासूबाईंचं आयुष्यभराचं सामान: शिवणयंत्र, दोन ट्रंका, आणि त्यांच्या लग्नातलं सागवानी कपाट. कपाट जिन्यात वळेना. ड्रायव्हर, मेहुणा आणि कवळीवाले असे तिघं त्याला भिडले. वरून सासूबाई सूचना देत होत्या, खालून चित्रकलेच्या बाई. अर्ध्या जिन्यात ते अडकलं तेव्हा मेहुणा घामाघूम होऊन म्हणाला, "दाजी, जरा तुमच्या बाजूनं उचला. माझ्याकडून जेवढं होतं तेवढं झालं." कवळीवाल्यांनी उचललं. कठड्याचा रंग खरवडला गेला, पण कपाट वर आलं.

सासूबाईंच्या खोलीच्या दारातून मात्र ते काही केल्या जाईना. शेवटी बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी उभं केलं. त्यानं अर्धी खिडकी झाकली.

मेहुणा जेवून उजेड आहे तोवर निघाला. जाताना म्हणाला, दर सुट्टीला न्यायला येईन. ये, असं सासूबाई म्हणाल्या, आणि मुलांनाही आण.

तो गेल्यावर कवळीवाल्यांनी कपाटाकडे पाहिलं. "उजेड अडतोय," ते म्हणाले.

"मग दिवा लवकर लावायचा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक ट्रंक उघडली होती. "त्या कपाटाला अंधार आवडत नाही. कपडे कुबटतात. ते तिथंच राहील."

कवळीवाल्यांना उद्या दोन कवळ्या द्यायच्या होत्या. ते कारखान्याकडे निघाले. उतरताना त्यांनी कठड्याचा खरवडलेला भाग पाहिला आणि रंग कुठला आणायचा याचा विचार करत खाली गेले.